चुका की चाकवत? पेंडी हातात घेतल्यावर काय बघायचं

मेथी, पालक, शेपू. आमच्या घरची पालेभाजी वर्षानुवर्षं या तिघींच्या पलीकडे जात नव्हती. मागच्या थंडीत ठरवलं, आठवड्याला एक तरी अशी भाजी आणायची जी आपल्या ताटात एरवी येत नाही. पहिल्याच आठवड्यात चाकवत समजून एक पेंडी आणली. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे आणि चिरलेला पाला एकत्र शिजायला टाकला, वरून ताकात कालवलेलं डाळीचं पीठ लावलं. अर्धा तास उकळूनही डाळ दाताखाली कचकच लागत होती, आणि भाजी इतकी आंबट की मुलांनी एका घासात ताट सरकवलं. पेंडी चुक्याची होती.

नावं कानाला जवळची, दोन्हींची पातळ भाजी होते, दोन्हीत डाळ-दाणे पडतात, आणि मंडईत दोन्ही पेंड्या शेजारीशेजारी मांडलेल्या असतात. त्यामुळे ज्यांच्या घरी या भाज्या होत नाहीत त्यांचा गोंधळ होणं अगदी साहजिक आहे. पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही. चुका स्वतःच आंबट आहे, चाकवताला आंबटपणा आपण द्यायचा असतो. बाकीचे सगळे फरक इथूनच निघतात.

आधी ओळख. चुक्याचं पान गुळगुळीत, मांसल, पोपटी हिरवं, कडा सरळ. देठ रसाळ असतो, नखाने सहज तुटतो, कधी त्यावर तांबूस झाक असते. चाकवताचं पान पातळ, कडेला ओबडधोबड दाते असलेलं, साधारण बदकाच्या पावलासारखं. आता पान उलटं करा आणि अंगठा फिरवा. चाकवत असेल तर पिठासारखी पांढरी भुकटी बोटाला लागते, कोवळ्या शेंड्यावर तर जास्तच. ही भुकटी बघून पुष्कळ जण फवारलेलं औषध समजतात आणि पेंडी परत ठेवतात. ती औषधाची नाही, पानाचीच आहे. पानावर सूक्ष्म फुग्यांसारखे केस असतात, त्यांचा हा थर. त्यामुळेच चाकवत पाण्यात बुडवला की पाणी पानावरून मोत्यासारखं घरंगळतं. माती निघावी म्हणून दोन-तीन पाण्यांतून धुवायचा, पांढरेपणा पूर्ण जाईपर्यंत घासत बसायची गरज नाही.

एवढं करूनही शंका राहिली तर चाखून बघा. आमच्या सोलापूरच्या लक्ष्मी मंडईतल्या एका मावशींना मी विचारलं, “मावशी, ह्यो चुकाच हाय न्हवं?” त्यांनी एक पान तोडून हातावर ठेवलं, “खाऊन बगा की वो ताई.” जिभेला झिणझिणलं, प्रश्न मिटला. चाकवताचं कच्चं पान खाल्लं तर फार काही चव लागत नाही, थोडं खारट, थोडं पालकासारखं.

पालकासारखं लागणं योगायोग नाही. चाकवत, पालक, बीट, राजगिरा ही सगळी एकाच कुळातली. उत्तरेत ज्याला बथुआ म्हणतात तो हाच. संस्कृत वास्तुक, त्याचा बथुआ झाला. तिकडे आणि इकडेही तो गव्हाच्या रानात तण म्हणून आपोआप उगवतो, म्हणून त्याचा खरा हंगाम थंडीचा. काही घरांत भोगीच्या भाजीतही तो पडतो. आपल्याकडे भोगी म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस, त्या आठवड्यात पेंडी कोवळी मिळते. फुलोरा आलेला घेऊ नका, देठ दोरीसारखे होतात. चुका अगदी वेगळ्या घराण्यातला, उपासाच्या कुट्टूचा नातलग. संस्कृतात त्याला चुक्र म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थच आंबट.

आता माझी डाळ का शिजली नाही ते सांगते, कारण हे समजलं तर चुका कधीच बिघडणार नाही. डाळ मऊ होते म्हणजे तिच्या पेशींना धरून ठेवणारा चिकट पदार्थ गरम पाण्यात विरघळतो. पाणी आंबट असलं की तो विरघळायला तयार होत नाही. म्हणूनच आपण वरणात चिंच किंवा टोमॅटो डाळ शिजल्यावर घालतो. चुका म्हणजे पानाच्या रूपातली चिंचच. डाळ आणि दाणे आधी पूर्ण शिजवून घ्यायचे, चुका नंतर.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत हे शिकवावं लागत नाही. तिथे चुक्याला चुक्ककूर म्हणतात आणि तुरीच्या डाळीत घालून पप्पू, म्हणजे डाळीचं वरण, करतात. मी आता तसाच करते. चार माणसांना अर्धी वाटी तूरडाळ कुकरला मऊ शिजवून घोटून ठेवायची. कढईत तेल, मोहरी, जिरं, ठेचलेला भरपूर लसूण, दोन-तीन हिरव्या मिरच्या, हळद. त्यात देठांसकट चिरलेली एक लहान पेंडी टाकायची. बघत राहण्यासारखं असतं ते. एक थेंब पाणी न घालता पोपटी पान मिनिटाभरात खाकी होतं आणि चार-पाच मिनिटांत विरघळून गोळा होतो. आंबटपणामुळे हिरवा रंग टिकत नाही. तेव्हा रंग गेला म्हणून भाजी करपली असं समजू नका. मग डाळ, मीठ, सुपारीएवढा गूळ आणि दोन उकळ्या. आपल्या चवीची हवी असेल तर मूठभर शेंगदाण्याचा कूट आणि थोडा काळा मसाला. चिंच, टोमॅटो, ताक यातलं काहीही नको.

भांडं मात्र स्टीलचं घ्या. लोखंडी कढईत चुका काळा पडतो आणि धातूची चव येते. कल्हई नसलेल्या पितळेत तर आंबट काही शिजवूच नये.

याहून सोपं हवं असेल तर चटणी. चुका, मिरची, लसूण थोड्या तेलात परतून गार करायचा आणि भाजलेल्या शेंगदाण्यांबरोबर भरड वाटायचा. कडक भाकरीवर ही चटणी लावून बघा. आमच्या मुलाने चुका पहिल्यांदा आवडीने खाल्ला तो असा.

चाकवताची रीत उलटी. तो आपण होऊन विरघळत नाही, त्याला घोटावं लागतं. पेंडीतले जाड देठ काढून टाका, पानं आणि कोवळे शेंडे घ्या. भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि दाणे त्याच्याबरोबरच कुकरला लावले तरी चालतात, आडवं येणारा आंबटपणा इथे नाही. डाळ-दाणे वेगळ्या वाटीत ठेवा म्हणजे घोटताना अख्खे राहतात. पाला दोन शिट्ट्यांनंतर रवीने घोटायचा. एक वाटी फार आंबट नसलेल्या ताकात दोन चमचे डाळीचं पीठ गुठळ्या न होता कालवायचं आणि ते पाल्यात घालून मंद आचेवर सारखं ढवळायचं. पीठ ताकाला धरून ठेवतं, फाटू देत नाही. मोठ्या आचेवर घाई केली तर तेही सांभाळत नाही. वरून लसूण आणि सुक्या मिरचीची खमंग फोडणी. चव इतकी सौम्य की पालेभाजीला नाक मुरडणारी मुलंही भातावर घेतात. म्हणून घरात नवीन पालेभाजी सुरू करायची असेल तर माझं मत आधी चाकवताला.

धपाट्यांतही चाकवतच घाला. बारीक चिरून ज्वारीच्या पिठात मळला की नीट थापता येतो. चुका घातला तर पाणी सुटून पीठ हाताला चिकटत राहतं.

एक काळजी दोन्हींबाबत. दोन्हींत ऑक्झलेट हा मुतखड्याला कारण होऊ शकणारा घटक असतो, चुक्याचा आंबटपणा तर बराचसा त्याचाच. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावं. बाकीच्यांनी आठवड्यातून एखाद्या वेळी खायला हरकत नाही.

चुक्यासारखीच आंबट अशी तिसरी भाजीही इथे मिळते, अंबाडी. कन्नड घरांत तिला पुंडी म्हणतात. तिचं पान पंजासारखं फाटलेलं असतं, त्यामुळे तिचा आणि या दोघांचा घोळ सहसा होत नाही.

आणि दोन्ही पेंड्या घरात आल्याच, तर एकत्र करा. तीन भाग चाकवत, एक भाग चुका. डाळ-दाणे आधी शिजवलेले, चाकवत घोटलेला, चुका फोडणीत विरघळवलेला. ताक अजिबात नाही, ते काम चुका करतो. दाटपणाला चमचाभर डाळीचं पीठ पाण्यात कालवून, आणि थोडा गूळ. मागच्या रविवारी असंच केलं, बरोबर ज्वारीची गरम भाकरी आणि फोडलेला कांदा. पातेलं दुपारीच रिकामं झालं.