गोणभर मीठ आणि चार नद्या

इचलकरंजीच्या पाण्याचा विषय निघाला की बोलणं थेट सुळकूडवर, म्हणजे दूधगंगेवरच्या पाणीयोजनेवर येतं. दूधगंगेचं पाणी शहराला द्यायचं की नाही, कागलकरांचं म्हणणं काय, योजना कुठे अडली. त्याआधी वारणेचं पाणी मागून झालं, तिथे वारणाकाठच्या दानोळीचे गावकरी आडवे आले. त्याच्याही आधी कृष्णेवरून नळ आणला. आणि पंचगंगा तर शहराला लागूनच वाहते. नदीकाठच्या गावाला चौथ्या नदीच्या दारात का जावं लागलं, याचं सगळं नाही, पण बरंच उत्तर कापडाच्या रंगणीच्या भांड्यात आहे.

इथे पहिला यंत्रमाग आला १९०४ मध्ये. मागाला स्वतःला पाणी लागत नाही. पाणी लागतं त्याच्या आधी आणि नंतर: सुताला कांजी चढवणाऱ्या सायझिंगला, आणि कापड धुऊन, ब्लीच करून रंगवणाऱ्या प्रोसेसला. शंभर किलो सुती कापड गडद रंगवायचं तर भांड्यात साधारण हजार लिटर पाणी आणि त्यात साठ-सत्तर किलो मीठ जातं. गोणभरच म्हणा. हे मीठ कापडात राहत नाही. पाण्यातला रंग कापडाकडे ढकलायचा, एवढंच त्याचं काम. ते झालं की मीठ गटारात, आणि कापडाला न लागलेला रंगही त्याच्यासोबत. मग वर चार-पाच धुण्या. ओरड होते ती रंगाची, कारण तो डोळ्यांना दिसतो. चुना-तुरटीने गाळ बसवला की रंग बराचसा निघतोही. विरघळलेलं मीठ मात्र तसंच पुढे जातं, आणि जमीन मारतं ते मीठ.

कायदा नव्हता असं नाही. जलप्रदूषणाचा कायदा महाराष्ट्राने १९६९ मध्येच केला, १९७० मध्ये त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळ नेमलं. केंद्राचा कायदा आला १९७४ मध्ये. १९७७ पासून उद्योगांच्या पाण्यावर उपकरही होता, हजार लिटरला काही पैसे. रुपये नव्हे, पैसे. या दरात पाणी वाचवायला कोण बसणार? २०१७ मध्ये तो उपकरही गेला. दहा-वीस कामगारांच्या डाईंगला, म्हणजे रंगणीच्या कारखान्याला, स्वतःचं शुद्धीकरण केंद्र परवडत नाही हे सरकारलाही कळत होतं, म्हणून १९९१ पासून सामूहिक केंद्रांना अनुदान सुरू झालं. १९९६ मध्ये तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या चामडे कारखान्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग मानलं.

खरी गोष्ट घडली तमिळनाडूतल्याच तिरुपूरला. बनियन आणि टी-शर्टचं हे गाव नोय्यल नदीवर आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत निर्यात वाढली, शेकडो छोटी डाईंग उभी राहिली, आणि गावाखालचं पाणी इतकं खारट झालं की रंगणीलाच चालेना. मग आसपासच्या खेड्यांतल्या विहिरींचं पाणी टँकरने विकत यायला लागलं. नदीवर खाली ओरथुपालयम धरण १९९२ मध्ये सिंचनासाठी बांधलं होतं. त्यात साठलं डाईंगचं पाणी. काही वर्षांतच, ज्यांच्यासाठी धरण बांधलं तेच शेतकरी ‘पाणी सोडू नका’ म्हणू लागले.

शेतकऱ्यांची संघटना न्यायालयात गेली. २००६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सांगितलं, थेंबभरही सांडपाणी बाहेर जाता कामा नये. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. तरी पाणी वाहतच राहिलं. २८ जानेवारी २०११ रोजी उच्च न्यायालयाने सातशेवर डाईंग एका आदेशात बंद केली. रंगणीची कामं बाहेरगावी गेली, काही चोरून चालली. सरकारने सामूहिक केंद्रांना २०० कोटींचं बिनव्याजी कर्ज दिलं, आणि हळूहळू केंद्रं पुन्हा सुरू झाली, नव्या यंत्रणेसह. सांडपाणी आधी आरओतून, म्हणजे मीठ अडवणाऱ्या पडद्यातून जातं. गोडं पाणी डाईंगकडे परत. उरलेलं खारं पाणी वाफेवर आटवतात. हाती लागणारं मीठ किंवा खारं पाणीच पुन्हा रंगणीच्या भांड्यात.

माझ्या मते मात्र निकालाइतकंच काम एका आकड्याने केलं. २००५ मध्ये तिरुपूरला नळाने पाणी आणणारी खासगी भागीदारीतली योजना सुरू झाली, रोज साडेअठरा कोटी लिटरची. उद्योगांचा दर हजार लिटरला ४५ रुपये. आपल्या उपकरातले पैसे आठवा आणि हे ४५ रुपये बघा. विंच नावाच्या जुन्या रंगणीच्या मशीनवर किलोभर कापडाला वीस-वीस लिटर पाणी घेणाऱ्यांना सहा-आठ लिटरच्या सॉफ्ट-फ्लो मशीनचा हिशेब अशा दरातच जमतो. ‘पाणी हेच जीवन’च्या पाट्या प्रत्येक औद्योगिक वसाहतीत आहेत, त्या वाचून कुणी मशीन बदललेलं मी तरी पाहिलेलं नाही.

इचलकरंजीतही सामूहिक केंद्र झालं, पंचगंगेचा खटला मुंबई उच्च न्यायालयात गेला, नोटिसा निघाल्या. पण तिरुपूरसारखं सगळं एका दिवसात थांबलं नाही. उन्हाळ्यात शहराचं सांडपाणी नेणारा काळा ओढा वाहतो, जलपर्णी पात्र झाकते, पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच दिसतो. सगळं खापर डाईंगवर फोडणंही चुकीचं. २०१२ च्या उन्हाळ्यात शहरात काविळीने माणसं गेली, ती पाण्यात मैलापाणी मिसळल्याने. त्यात रंगाचा हात नव्हता. कोल्हापुरापासून खालच्या गावांपर्यंत सगळ्यांचं सांडपाणी याच नदीत येतं.

फरक आणखी एक आहे. तिरुपूरचा माल परदेशी जातो, तिथला खरेदीदार सांडपाण्याचे कागद मागतो आणि काही वेळा त्याचे पैसेही मोजतो. इचलकरंजीतलं बरंचसं प्रोसेस जॉबवर्कवर चालतं. कापड व्यापाऱ्याचं, दर मीटरवर. मीठ आटवायचा खर्च आपण मीटरमागे धरला तर गाठी उद्या दुसऱ्या गावच्या प्रोसेसला जातील, हे मालकाला पक्कं ठाऊक असतं. मीठ आटवायची सक्ती सगळ्या गावांना सारखी नाही. ज्या गावात ती ढिली, तिथला दर कमी.