तुरीच्या वावरातून जाणारी वाघाची वाट

डिसेंबरच्या पहाटे दव पडलेलं असताना हरभऱ्यावरून पांढरं फडकं फिरवलं, की ते भिजतं आणि पिळल्यावर आंबट पाणी निघतं. ही आंब. जुन्या बाया ती बाटलीत भरून ठेवतात आणि पोट दुखलं की चमचाभर देतात. हरभऱ्याच्या पानांवर, घाट्यांवर बारीक केस असतात. त्यांच्या टोकांच्या ग्रंथींतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं, आणि त्याने कीड काही प्रमाणात दूर राहते. हरभऱ्याकडे उरलेल्या मोजक्या हत्यारांपैकी हे एक. बाकीची बरीचशी माणसाने हजारो वर्षांत काढून घेतली.

रानटी हरभरा आजही तुर्कस्तानच्या आग्नेय डोंगरांत उगवतो. त्याचे घाटे वाळले की तडकतात आणि दाणे मातीत पडतात. तळ्याकाठच्या रानधानाचंही तसंच. लोंबीला लांब कुसळं असतात आणि दाणा पिकला रे पिकला की गळतो. सुमारे 10,000 वर्षांपूर्वीपासून शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या झाडावर टिकलेला दाणाच घरी आणला आणि तोच पुढच्या वर्षी पेरला. कडू, काटेरी आणि गळणारं मागे पडत गेलं. निवड माणसाची होती, पण काम उत्क्रांतीच्याच नियमाने झालं. त्यातून भरघोस दाण्याचं, मऊ, पौष्टिक, एकाच जागी एकरभर उभं राहणारं पीक तयार झालं. फेब्रुवारीत जंगलातलं गवत वाळतं, साग निष्पर्ण व्हायला लागतो आणि उरलेल्या जून पानांत तंतू आणि टॅनिन जास्त असतं. त्याच वेळी धुऱ्यापलीकडे हरभरा घाट्यांवर असतो. कमी चालून जास्त पोषण मिळेल तिकडे जायचं, हा चरणाऱ्या प्राण्याचा फार जुना नियम आहे. तो पाळणाऱ्या जनावराला आपण उपद्रवी म्हणतो.

रोह्याबद्दल, म्हणजे नीलगायीबद्दल, तर आपली समजूतच उलटी आहे. "जंगल सोडून रोही वावरात आले," असं गावोगाव ऐकू येतं. पण रोही हा दाट जंगलाचा प्राणी नव्हेच. बोसेलाफिनी या प्राचीन कुळातले दोनच प्राणी आज जगात उरले आहेत, रोही आणि चौसिंगा, आणि दोघेही आपल्या उपखंडातले. रोह्याला विरळ झाडी, झुडपी माळ आणि मोकळं गवत लागतं. विदर्भातला असाच मुलूख आधी नांगराखाली आला. म्हणजे रोही होता तिथेच राहिला, वावर त्याच्या घरात गेलं. याने शेतकऱ्याचं नुकसान तसूभरही कमी होत नाही. रोह्यांचा कळप एका रात्रीत महिन्यांची मेहनत तुडवून जातो. पण रोह्याला जंगलात परत हाकला, या मागणीला अर्थ उरत नाही, एवढं मात्र कळतं.

रानडुकराचं गणित वेगळं. ते काहीही खातं आणि एका वेताला चार-सहा पिल्लं देतं. मग राखणीसाठी मचाण येतं, जागल येते, झटका मशीन येतं आणि कुठे कुठे तारेत थेट करंट सोडला जातो. झटका मशीनचा धक्का क्षणभराचा असतो, जनावर दचकून मागे फिरतं. खांबावरून घेतलेली चोरटी वीज मात्र समोर कोण आहे ते पाहत नाही.

त्या तारेत वाघ येतो, कारण त्यालाही चालावंच लागतं. वाघाचा बच्चा दीड-दोन वर्षांचा झाला की आईपासून वेगळा होतो. मादी बहुधा आईच्या शेजारीच हद्द धरते, नर लांब जातो. ज्या वंशात नर दूर गेले तिथे बहीण-भावांचा संकर टळला, संतती सुदृढ राहिली, आणि ही दूर जाण्याची ओढ रक्तात उतरली. नागझिऱ्याचा 'जय' 2013 मध्ये असाच गावं, रस्ते आणि शेतं ओलांडत उमरेड-कऱ्हांडल्याला पोहोचला. त्याचा बच्चा 'श्रीनिवास' 2017 मध्ये नागभीडजवळ शेतातल्या करंटने मेला. 2019 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण नर गळ्यात रेडिओ कॉलर घालून निघाला. पाच महिन्यांत सुमारे 1,300 किलोमीटर चालून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. या वाटेवर अभयारण्यं थोडी आणि तूर-कपाशीच जास्त.

ही वाट बंद झाली तर काय होतं, ते ओडिशातल्या सिमिलिपालमध्ये दिसतं. तिथे पट्टे पसरून जवळजवळ काळे झालेले वाघ आहेत. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात याचं मूळ एका जनुकातल्या बदलात सापडलं. हा बदल इतरत्र अतिशय दुर्मीळ, पण सिमिलिपालमध्ये दर तीन वाघांमागे साधारण एक काळपट. बाहेरून नवा वाघ आपणहून येत नाही. मोजक्या जनावरांतच संकर होत राहतो आणि योगायोगाने आलेला बदल पसरत जातो. आज पर्यटक ते काळे वाघ कौतुकाने पाहतात. उद्या असाच पसरलेला बदल हृदयाचा किंवा प्रजननाचा दोष असू शकतो. मध्य भारतातल्या वाघांत जनुकीय विविधता चांगली टिकून आहे, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे ताडोबा, पेंच, नागझिरा, मेळघाट यांच्यामधून वाघ अजून ये-जा करतात. राज्यात 2018 मध्ये 312 वाघ होते, 2022 च्या गणनेत 444 झाले. वाढलेल्या वाघांना हद्द हवी, आणि ताडोबाच्या गाभ्यात ती आधीच भरलेली आहे.

म्हणून मला वाटतं, अभयारण्याचं सर्वांत अवघड काम अभयारण्याच्या बाहेर चालतं आणि ते शेतकरी करतो, तेही स्वतःच्या जिवावर. कोअरमध्ये, म्हणजे अभयारण्याच्या गाभ्यात वाघ वाचतो, पण वंश म्हणून तो टिकतो तो कुणाच्या तरी वावरातून सुखरूप गेला तर.

जिवावर हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. चंद्रपूर जिल्ह्यात 2005 ते 2011 या काळात वाघ-बिबट्यांचे माणसांवर 132 हल्ले नोंदले गेले, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त हल्ल्यांत माणूस दगावला. सर्वाधिक माणसं रानातलं काहीतरी वेचताना सापडली. मोहाचंच घ्या. मोहाचं फूल रात्री उमलतं आणि त्याचा गोडवा फळं खाणाऱ्या वटवाघळांसाठी आहे, कारण परागीकरण तीच करतात. पहाटे मांसल पाकळ्या टपटप खाली पडतात. मार्च-एप्रिलमध्ये त्या खायला चितळ येतं, अस्वल येतं आणि टोपली घेऊन बाईही येते, कारण ऊन चढायच्या आत वेचणं उरकायचं असतं. वाघाची शिकारीची वेळही तीच. दबा धरून मागून झेप घ्यायची आणि मान पकडायची, ही त्याची रीत चार पायांच्या, मान खाली घालून चरणाऱ्या जनावरांवर घडलेली आहे. उभा माणूस त्या साच्यात बसत नाही. वाकलेली किंवा उकिडवी बसलेली बाई झुडपाआडून त्या साच्यात बसते. म्हणूनच तीन-चार जणींनी मिळून जाणं, मोठ्याने बोलत राहणं आणि एकीने उभं राहून चौफेर लक्ष ठेवणं याला शास्त्राचा आधार आहे.

प्राणी बदलतात, पण शिकून. 2018 मध्ये जगभरातल्या 62 प्रजातींची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा माणसाची ये-जा असलेल्या भागात त्यांचं रात्रीचं हिंडणं सरासरी 1.36 पट झालेलं आढळलं. हे एका आयुष्यात शिकता येतं. रक्तातला नियम बदलायला मात्र असंख्य पिढ्या लागतात, आणि ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं ते 1955 साली. त्यानंतर वाघाच्या फार पिढ्या झालेल्या नाहीत. दिवस आपला आणि रात्र त्याची, अशी वाटणी त्याने बऱ्याच ठिकाणी आपणहून स्वीकारली आहे.

ही वाटणी मोडतो ते आपण. रब्बीत अनेक गावांत कृषिपंपाची लाईन आळीपाळीने रात्री येते. मग शेतकरी मध्यरात्री बॅटरी घेऊन गहू-हरभऱ्याला ओलित करायला जातो आणि बारे द्यायला अंधारात वाकतो. नागपूर-जबलपूर महामार्गावर पेंचजवळ वाघांसाठी रस्ताच उचलून नऊ भुयारी मार्ग आणि पूल बांधले गेले, आणि वाघ त्यांच्याखालून जातात हे कॅमेऱ्यांनी टिपलं. तेवढा खर्च रस्त्यासाठी होऊ शकतो, तर भ्रमणमार्गावरच्या गावांना दिवसाची लाईन सर्वांत आधी मिळायला हवी, आणि ती हरभऱ्याच्या पहिल्या ओलिताआधी.