संकुल-जलव्यवस्था, मराठवाडा

एका व्यवस्थापनाखालील वास्तुसमूहाने (दर्गा, सराय, वसतिगृह, इस्पितळ, गृहनिर्माण संस्था इ.) पाणी मिळवणे, साठवणे, वाटणे आणि सांडलेले पुन्हा कामाला लावणे यांसाठी केलेली एकत्रित सोय. मराठवाड्यातील तिचे सर्वांत परिचित जुने उदाहरण औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील पाणचक्की (पाण्याच्या झोतावर चालणारी पिठाची चक्की) हे होय. खाम नदीकाठी बाबा शाह मुसाफिर या नक्शबंदी पंथाच्या सूफींच्या दर्ग्याभोवती मशीद, मदरसा, कचेरी आणि सराय असा हा परिसर आहे.

पाणचक्कीच्या कालनिश्चितीबाबत मतभेद आहेत. नहर (पाणी आणणारा बांधीव मार्ग) 1695 च्या सुमारास पुरी झाली आणि त्यानंतर सुमारे 20 वर्षांनी जमील बेग खान याने मशिदीपुढचा लांबट हौद व कारंजी बांधली, असा एक क्रम सांगितला जातो. दुसऱ्या मतानुसार पाणचक्कीचे काम निजाम-उल-मुल्क आसफजाह याच्या पदरचा सरदार तुर्कताज खान याचे व 1744 च्या सुमाराचे. ही मते परस्परांना छेद देतातच असे नाही. नहर नसताना हौद भरत नाही आणि पाण्याचा झोत नसताना चक्की फिरत नाही. त्यामुळे बांधकाम टप्प्याटप्प्याने झाले व 1744 हे साल विस्ताराचे, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. लोकसमजुतीत हे श्रेय मलिक अंबरला (मृ. 1626) दिले जाते. त्याने 1610 मध्ये खडकी (पुढचे औरंगाबाद) वसवली आणि नहर-ए-अंबरी काढली हे खरे. परंतु बाबा शाह मुसाफिर औरंगजेबकालीन असल्याने त्यांच्या दर्ग्याची नहर नंतरची ठरते.

या नहरांना सरसकट ‘कनात’ म्हणण्याचा प्रघातही तपासून घ्यावा लागतो. डोंगराच्या पोटातला पाझर किंचित उताराच्या बोगद्याने बाहेर आणणे म्हणजे इराणी पद्धतीची कनात. पाणचक्कीकडे हर्सूलच्या बाजूने येणाऱ्या मार्गात मात्र मातीचे भाजलेले नळही आहेत. बंद नळातले पाणी उंच भिंतीत चढवून वरून हौदात सोडले जाते. म्हणजे पाझर गोळा करण्याचे तंत्र आणि दाबाने पाणी नेण्याचे तंत्र येथे जोडलेले आहे.

वापराची साखळी काटकसरीची होती. तेच पाणी चक्कीच्या पात्यांवर पडून दर्ग्यातील फकीर व यात्रेकरूंचे धान्य दळी. हौदाखालचे दालन थंड ठेवी. उरलेले खाम नदीत जाई. नळदुर्ग किल्ल्यातील पाणीमहालही याच विचाराशी जवळचा: दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात बोरी नदीवर बांधलेला बंधारा तटबंदीचा भाग झाला आणि त्याच्याच पोटात महाल काढला गेला.

आधुनिक संकुलांत हौद, गच्चीवरची टाकी, बोअर आणि टँकर ही चौकडी सर्वपरिचित आहे. प्रदेशाचा खडक मुख्यतः बेसाल्ट. त्यात पाणी भेगांत आणि मुरमाच्या थरातच साठते. त्यामुळे शेजारच्या दोन बोअरपैकी एकाला पाणी लागते, दुसरे कोरडे जाते. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा नळजोडणी आणि पाण्याची शाश्वती या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे उघड झाले.

राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार 500 चौ.मी. व त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामात पर्जन्यजल संकलन बंधनकारक आहे. 700 मिमी पाऊस आणि 80 टक्के उतारा (पडलेल्या पावसापैकी हाती येणारा भाग) धरल्यास 100 चौ.मी. गच्चीवरून वर्षाला 56,000 लिटर पाणी मिळू शकते. दरडोई 135 लिटर या नागरी निकषाने ते पाच जणांच्या कुटुंबाला सुमारे 83 दिवस पुरेल. मात्र पाऊस चार महिन्यांत पडतो आणि एवढे साठवायला हौद लागतो. म्हणून बहुधा गाळणीतून ते बोअरमध्ये मुरवतात. पहिल्या पावसाचे धूळमिश्रित पाणी बाहेर सोडून देतात, नाहीतर बोअरच गढुळते.

खर्च कमी आणि परिणाम लवकर दिसणारा उपाय म्हणजे मोजणी. मुख्य नळ, बोअर व टँकर यांची आवक आणि प्रत्येक इमारतीची जावक वेगवेगळ्या मीटरवर रोज टिपली की फरक दिसतो. सर्व नळ बंद असताना पहाटे मीटर फिरत असेल तर गळती आहे. ती बहुधा हौदाच्या तड्यात, टाकीच्या बिघडलेल्या फ्लोटमध्ये किंवा फ्लशमध्ये सापडते. मोटर सोडणाऱ्या वॉचमनला हे आकडे वहीत लिहिण्याचे काम दिले जाते. त्याची पाळी बदलली की वहीत खंड पडतो.