‘दाताला कीड लागली’ या समजुतीमागचा इतिहास

दाढ ठणकू लागली की मराठी माणूस ‘दाताला कीड लागली’ असे म्हणतो, आणि दवाखान्यात गेल्यावर ‘दात दुखत नाही, मग भरायचा कशाला?’ किंवा ‘कीड शेजारच्या दातात जाईल का?’ असे विचारतो. या प्रश्नांना अज्ञान म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे आहे, कारण त्यांच्यामागे हजारो वर्षांची एक कल्पना आहे आणि ती आपल्या भाषेतच मुरलेली आहे.

दात किड्यामुळे पोखरला जातो ही समजूत केवळ भारतातली नाही. मेसोपोटेमियातील (आजच्या इराकच्या परिसरातील) खिळ्यांसारख्या कीलाक्षर लिपीत लिहिलेल्या एका मंत्रात, देवाने देऊ केलेली पिकलेली फळे नाकारून किडा दात आणि हिरडी यांमध्ये राहायला जागा मागतो, अशी कथा आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात आठ दंतरोग सांगितले असून त्यांतील एकाचे नाव ‘कृमिदन्तक’ असे आहे. काळा पडलेला, छिद्र असलेला, हलणारा, स्राव व सूज असलेला आणि कारण नसताना तीव्र दुखणारा दात, हे त्याचे वर्णन आजही कोणत्याही दंतवैद्याला ओळखता येईल. निरीक्षण अचूक होते. कारण मात्र त्या काळी डोळ्यांना दिसणे शक्य नव्हते.

समजूत टिकण्याला उपचारांनीही हातभार लावला. आपल्याकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरी दुखऱ्या दाढेला दिली जात असे, तर युरोपात त्यासाठी खुरासानी ओव्याच्या बिया निखाऱ्यावर टाकत. उष्णतेने त्या बिया फुटून आतला वळलेला अंकुर बाहेर पडे आणि तो हुबेहूब अळीसारखा दिसे. त्या वनस्पतीत गुंगी आणणारी द्रव्ये असल्याने वेदनाही काही काळ शमत. ज्याला अळी ‘पडलेली’ दिसली आणि ठणकाही थांबला, त्याने किड्यावर विश्वास का ठेवू नये?

फ्रान्समधील पिएर फोशार यांनी 1728 साली दंतशास्त्रावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. सूक्ष्मदर्शकातून पाहूनही आपल्याला किडलेल्या दातांत असे किडे आढळले नाहीत, असे त्यांनी त्यात नोंदवले. खरे उत्तर मिळायला आणखी दीडशेहून अधिक वर्षे लागली. बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी काढलेले दात लाळ आणि पाव यांच्या मिश्रणात ठेवले, तेव्हा ते हळूहळू विरघळू लागले. पाव किंवा साखरेऐवजी मांस ठेवल्यावर मात्र तसे झाले नाही. तोंडातील जीवाणू पिठूळ व गोड पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दातातील खनिज विरघळवते, हा त्यांचा निष्कर्ष 1890 मध्ये इंग्रजी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पुढे 1940च्या दशकात रॉबर्ट स्टीफन यांनी दाखवले की, साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यानंतर काही मिनिटांतच दातांवरील थराची आम्लता वाढते आणि ती पूर्ववत व्हायला सुमारे अर्धा ते एक तास लागतो. दर तासाला गोड चहा किंवा बिस्किटे घेणाऱ्याच्या तोंडात दाताला सावरायला ही उसंतच मिळत नाही. म्हणून, किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले हे अधिक महत्त्वाचे ठरते.

म्हणजे ‘कीड’ हा शब्द पूर्णपणे खोटा ठरला नाही. जीव होता, पण तो वळवळणारा नव्हता. तरीही शब्दाने मनात उभे केलेले चित्र रुग्णाचे नुकसान करते, असे माझे मत आहे. किडा आत शिरला की चावणार, म्हणजेच दुखणार, असे गृहीत धरले जाते आणि वेदना नसेल तर रोगही नाही, असा अर्थ काढला जातो. वास्तविक दाताच्या बाहेरील कवचात, म्हणजे इनॅमलमध्ये, संवेदना नसते. दाताची झीज, म्हणजे दंतक्षय, त्याखालच्या थरात, दंतिनात, उतरला की गार-गोड झोंबते आणि गाभ्यापर्यंत पोहोचला की रात्रीची झोप उडते. दुखू लागल्यावर आलेल्या रुग्णाला बहुधा साध्या भरणाऐवजी रूट कॅनल करावे लागते किंवा दाढ काढावी लागते. लवंगेच्या तेलातील युजेनॉलमुळे ठणका खरोखर कमी होतो, आणि म्हणूनच ते उपचाराचा दिवस पुढे ढकलायला कारणीभूत ठरते.

लहान मुलांच्या बाबतीत हा विलंब अधिक महाग पडतो. ‘दुधाचे दात पडणारच आहेत’ म्हणून किडलेला दात तसाच ठेवला जातो. परंतु सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे येणारी पहिली कायमची दाढ एकही दात न पडता उगवते. त्यामुळे अनेक पालक तिलाही दुधाचीच समजतात, आणि आयुष्यभर टिकायला हवी अशी ती दाढ मूल दहा-बारा वर्षांचे होईपर्यंत पोखरली गेलेली असते.