उघडा माळ: बी संपलंय की बी अडलंय?

सोलापूर-अहिल्यानगरकडचे दोन माळ मे महिन्यात सारखेच दिसतात. दोन्ही उघडे, दोन्हीकडे तरवड तेवढा हिरवा, कारण त्याला जनावर तोंड लावत नाही. पण एका माळात मारवेल, पवन्या, डोंगरी यांचं बीच उरलेलं नसतं. गवत दरवर्षी फुलोऱ्याआधी चरलं जातं, आणि या बहुवर्षायू गवतांचं बी मातीत फार वर्षं टिकत नाही. दुसऱ्या माळात बी असतं, पण खुरांनी दाबलेल्या, पावसाच्या माराने लिंपल्यासारख्या झालेल्या पापुद्र्यात ते अडतं.

आधी बी तपासा. पावसापूर्वी वीसेक ठिकाणची वरची 5 सें.मी. माती घ्या. नुसती बांधालगतची नको; तिथे बी वाहून साचतं आणि आकडा फुगतो. खडे काढून ट्रेमधल्या वाळूवर दीड सें.मी. थर द्या आणि 6 ते 8 आठवडे ओल टिकवा. शेजारी नुसत्या वाळूचा एक ट्रे ठेवा, म्हणजे वाऱ्याने आलेलं बी कळेल. ट्रे हिरवागार झाला म्हणून हुरळू नका: टाकळा, गाजर गवत आणि वर्षायू गवतंच भरमसाट उगवतात. ओळख पटेपर्यंत रोप उपटू नका. माती नोव्हेंबरात घेतलीत तर ताजं बी सुप्त असतं, ट्रे रिकामा राहतो आणि निदान चुकतं.

मग पाणी. 15 सें.मी. व्यासाचा, दोन्हीकडून उघडा डबा 3 सें.मी. दाबून 440 मि.ली. पाणी ओता; हा झाला 25 मि.मी. पाऊस. ते जिरलं की पुन्हा तेवढंच ओतून वेळ मोजा. तरवडाच्या बुडाशी लवकर आणि उघड्यावर खूप उशिरा जिरलं, तर दोष पापुद्र्याचा. भेगाळलेल्या काळ्या मातीत मात्र ही परीक्षा फसवते.

बी अडलेल्या माळावर पेरणी म्हणजे पैसे उधळणं. कुसळी गवताचं बी ओल-सुकीने पिळणाऱ्या शेपटीच्या जोरावर जमिनीत शिरतं, पण त्यालाही आधी फट लागते. पापुद्रा उकरा, उतारावर सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीतले) काढा, काटेरी फांद्या पसरा. हिवरे बाजारची चराईबंदी सगळे सांगतात, पण तिथे डोंगरउतारावर चरही खोदले होते.

बी संपलं असेल तर नुसती चराईबंदी तरवड आणि टाकळाच वाढवते. तिथे मृगाच्या तोंडावर बी पेरा, 1 सें.मी.पेक्षा खोल नको, आणि बी झडेपर्यंत जनावरं बाहेर ठेवा. ट्रेही रिकामा आणि पाणीही साचत असेल, तर आधी उकरणी, मग बी.