टिटवी समुद्र आटवते, ती अशी

एप्रिल सरत आला की वृत्तपत्रांच्या तालुका पानांवर आणि पक्षीमित्रांच्या मोबाइलवर एक छायाचित्र हमखास येते. मुरमाड जमिनीवर खड्यांचे लहानसे कडे, त्यात टोके आत करून मांडलेली चार ठिपकेदार अंडी आणि खाली मजकूर: ‘टिटवीने चार अंडी घातली, यंदा चारही महिने पाऊस’. अंडी बांधावर असतील तर पाऊस जोरदार पडणार आणि तलावाच्या कोरड्या पोटात असतील तर ओढ देणार, अशी पुरवणीही त्याला जोडलेली असते. यंदा एकाच आठवड्यात एकाच तालुक्यातून मला अशी दोन छायाचित्रे आली. एकात घरटे उंच बांधावर होते, दुसऱ्यात पाझर तलावाच्या तळाशी, आणि दोन्हींखालचे भाकीत सारख्याच ठामपणे केलेले होते.

या भाकिताचा निकाल थोडक्यात लावता येतो. टिटवी बहुधा चारच अंडी घालते. ती दुष्काळाच्या वर्षीही चार घालते आणि अतिवृष्टीच्या वर्षीही. जमिनीवर घरटे करणाऱ्या तिच्या अनेक नातेवाइकांतही चाराचाच प्रघात आहे. भोवऱ्यासारखी निमुळती चार अंडी टोके आत करून मांडली की ती कमीत कमी जागेत बसतात आणि आईबापांच्या पोटाखाली नेमकी मावतात, हे त्याचे एक पटण्याजोगे कारण सांगितले जाते. पावसाळ्याचे महिने आपण चार मोजतो हा निव्वळ योगायोग आहे. राहिला प्रश्न उंच-सखल जागेचा. टिटवीला चहूकडे नजर जाईल अशी उघडी जमीन आणि जवळपास पाणी लागते, आणि उन्हाळ्यात आटलेल्या तलावाचा काठ या दोन्ही गरजा भागवतो. तिला पावसाची आगाऊ खबर असती, तर अशा जागची घरटी पहिल्याच मोठ्या वळवाने पाण्याखाली गेली नसती.

माझा खरा प्रश्न वेगळा आहे. मे महिन्याच्या दुपारी हवेचे तापमान ४४ अंश सेल्सिअस असते आणि मुरमाड जमिनीचा पृष्ठभाग ५५ ते ६० अंशांपर्यंत तापतो. त्याच जमिनीवर, झाडाचे पानही आड नसताना, पडलेली अंडी शिजत कशी नाहीत?

येथे आपली भाषाच आपल्याला थोडे फसवते. अंडी ‘उबवणे’ या शब्दात ऊब आहे, त्यामुळे अंड्यांवर बसलेला पक्षी त्यांना उष्णता देत असतो असे आपण गृहीत धरतो. थंडीत, पहाटे किंवा हिमालयात ते खरेही आहे. वैशाखातल्या दुपारी मात्र टिटवी अंड्यांवर बसते ती त्यांच्यातली उष्णता काढून घेण्यासाठी, आणि तिच्यासमोरची अडचण समजून घ्यायची तर थोडा हिशेब करावा लागतो.

अंड्यातला जीव वाढण्यासाठी साधारण ३७ ते ३८ अंश तापमान योग्य असते. कोंबडीची अंडी उबवणाऱ्या यंत्राचा काटाही त्याच्याच आसपास ठेवतात. अंडे काही काळ गार झाले तर आतल्या जिवाची वाढ मंदावते आणि ऊब मिळाली की पुन्हा सुरू होते, म्हणजे गारव्याच्या बाजूला बरीच सवड असते. उष्णतेच्या बाजूला ती सवड नाही. चाळिशी ओलांडून आणखी दोनतीन अंश वाढले आणि ते तापमान टिकून राहिले, तर गर्भ मरतो.

टिटवीचे अंडे साधारण २० ग्रॅमचे असते आणि ते एका अंशाने तापवायला सुमारे ६५ ज्यूल ऊर्जा पुरते. निरभ्र दुपारी जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट सूर्यप्रकाश पडतो. अंड्याची उन्हासमोर येणारी बाजू जेमतेम दहा चौरस सेंटिमीटर भरते, म्हणजे त्याच्या वाट्याला दर सेकंदाला एक ज्यूल येतो. त्यातला निम्मा परत फेकला जातो असे धरू. (असे धरायला आधार आहे. अंड्यावरच्या तपकिरी रंगद्रव्यामुळे ते आपल्या डोळ्यांना मातीसारखे दिसते, पण सूर्याच्या उष्णतेतला जवळजवळ अर्धा भाग ज्या अवरक्त किरणांत असतो, ते किरण हेच रंगद्रव्य मोठ्या प्रमाणात परतवते. शत्रूला मातीसारखे दिसायचे आणि उन्हाला मात्र पांढऱ्या चुन्यासारखे, ही करामत त्या एका रंगात आहे.) उरलेल्या अर्ध्या ज्यूलने अंडे दर दोन-सव्वादोन मिनिटांना एक अंश तापते. तापलेल्या जमिनीतून आणि हवेतून येणारी उष्णता यात धरलेली नाही. म्हणजे ३८ अंशांवरून ४२ अंशांवर पोहोचायला जास्तीत जास्त नऊ मिनिटे लागतात. हा हिशेब ढोबळ असला तरी घरटे उघडे पडले तर किती वेळ हाताशी असतो, याचा अंदाज त्यावरून येतो.

टिटवीचा पहिला उपाय सावलीचा. भर उन्हात ती अंड्यांवर बसण्याऐवजी पाय किंचित वाकवून उभी राहते, पिसे फुलवते, आणि अंड्यांवर सावली धरून खालून वारा खेळू देते. याने उन्हाचा मारा थांबतो, पण हवाच ४४ अंशांची असेल तर सावलीतले अंडेही हळूहळू ४४ अंशांकडे सरकते. म्हणून पारा आणखी चढला की ती अंड्यांवर घट्ट बसते. पक्ष्यांच्या शरीराचे तापमान आपल्यापेक्षा जास्त, सुमारे ४१ अंश असते. ते भोवतालच्या हवेपेक्षा कमी झाले की पोटाची उघडी, रक्तवाहिन्यांनी भरलेली त्वचा अंड्यांतली उष्णता शोषून घेऊ लागते. हिवाळ्यातली शेगडी येथे उलटी चालते. मात्र ४१ अंश ही गर्भाच्या दृष्टीने अगदी काठावरची जागा आहे, आणि शोषलेली उष्णता टिटवीला स्वतःच्या शरीरातून बाहेर टाकावी लागते ती वेगळीच.

येथून पुढचा भाग मला सर्वांत आवडतो. जोडीतला एक पक्षी घरट्यावर असताना दुसरा विहिरीच्या दांडावर, पाटाच्या कडेला किंवा जनावरांच्या हौदाजवळ साचलेल्या पाण्यावर उतरतो. तो उथळ पाण्यात बसतो, डुलत डुलत पोटाची पिसे भिजवतो आणि तसाच निथळत घरट्याकडे येतो. येताना थेट न उडता बरेचसे अंतर तो चालत येतो, थांबतो, इकडेतिकडे पाहतो, आणि मग ओल्या पोटाने अंड्यांवर बसतो. दुर्बिणीतून पाहिले तर पोटाखालच्या पांढऱ्या पिसांच्या चिकटलेल्या बटा स्पष्ट दिसतात. नर आणि मादी दोघेही हे करतात, आणि ऊन वाढेल तशा या फेऱ्याही वाढतात.

पाण्याने अंडी गार होतात यात विशेष काय, असे वाटेल. पण विहिरीकाठचे उथळ पाणी स्वतःच कोमट झालेले असते. गारवा त्या पाण्यात नसतो, तो त्याच्या वाफ होण्यात असतो. पाण्याच्या प्रत्येक रेणूला शेजाऱ्यांनी धरून ठेवलेले असते. ती पकड सोडवून हवेत निसटायला ऊर्जा लागते आणि निसटणारा रेणू ती मागे राहिलेल्यांकडून घेऊन जातो. या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता खर्ची पडते. आता मघाचा हिशेब आठवू. एक अंडे एका अंशाने गार करायला ६५ ज्यूल, म्हणजे चार अंड्यांना २६०. केवळ एक ग्रॅम पाणी, म्हणजे वीसेक थेंब, आपली सारी उष्णता अंड्यांतूनच घेईल तर चारही अंडी नऊ अंशांनी उतरतील. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता हवेतून आणि पक्ष्याच्या शरीरातूनही घेतली जाते, पण तीही उपयोगीच पडते, कारण बसलेल्या टिटवीलाही गार व्हायचेच असते.

मग हा गारवा कुठपर्यंत नेता येईल? माठात पाणी ठेवणाऱ्या प्रत्येक घराला याचे उत्तर अर्धे ठाऊक असते. माठ नागपुरात जसा गार होतो तसा रत्नागिरीत होत नाही, आणि विदर्भात दारोदार चालणारा वाळ्याच्या ताट्यांचा कूलर मुंबईत नुसती दमट हवा फेकतो. ओल्या पृष्ठभागावरून रेणू हवेत जातात तसे हवेतले रेणू पाण्यात परतही येतात. हवा कोरडी असेल तर परतणारे थोडे, त्यामुळे निव्वळ वाफ जास्त आणि गारवाही जास्त. हवामान केंद्रात तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून हे मोजतात आणि त्या तापमापकाला आर्द्र तापमापक म्हणतात. बाष्पीभवनाने जास्तीत जास्त किती खाली जाता येईल, ती पायरी तो दाखवतो. नागपुरात हवा ४५ अंशांची आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर ते ओले फडके सुमारे २४ अंशांवर येते. कोकणात हवा ३४ अंशांची आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर ते २९ अंशांच्या आसपास अडते. ज्या गावात माणसे अधिक भाजून निघतात, त्याच गावातली टिटवी ओल्या पोटाने आपली अंडी अधिक गार ठेवू शकते, हे विधान ऐकायला चमत्कारिक वाटेल, पण त्यामागे एवढेच गणित आहे. अट एकच, पाणी उडून जाण्यापूर्वी पुढची खेप आली पाहिजे, आणि कोरड्या हवेत ते उडतेही तितक्याच लवकर. म्हणून विदर्भ-मराठवाड्यातल्या टिटवीसाठी घरट्यापासून पाणी किती अंतरावर आहे, हा जगण्यामरण्याचा प्रश्न ठरतो.

पिसांतून पाणी वाहून नेण्यात टिटवीहून सरस पक्षी आपल्याच माळरानावर आहे. सासवड, सुपे, नान्नज या भागांत दिसणाऱ्या पखुर्डीच्या नराच्या पोटाची पिसे आतून वळणदार तंतूंची असतात आणि ती स्पंजासारखी पाणी धरतात. दूरच्या पाणवठ्यावरून नर पिलांसाठी ते पाणी आणतो आणि पिले त्याच्या पोटाची पिसे चोचीने ओढून ते पितात. पखुर्डीच्या कुळातल्या पाळीव पक्ष्यांचे हे वर्तन १८९६ मध्ये लिहून ठेवले गेले, तरी त्यावर बराच काळ विश्वास ठेवला गेला नाही. १९६७ मध्ये आफ्रिकेतील कलहारीच्या वाळवंटात केलेल्या निरीक्षणांनी तो वाद मिटवला. टिटवीच्या पिसांत अशी खास वीण नसते. तिचे पाणी प्रामुख्याने अंड्यांसाठी असते आणि ते वाटेत थोडे सांडले तरी तिला चालते.

उन्हाळ्यात टिपलेल्या बहुतेक छायाचित्रांत पक्ष्यांची चोच उघडी असते आणि त्याखाली ‘तहानेने व्याकूळ’ असे लिहिलेले असते. पक्षी तहानलेला असेलही, पण उघड्या चोचीचा अर्थ तो नाही. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात, म्हणून घसा आणि श्वसनमार्ग यांच्या ओल्या अस्तरावरून वाफ उडवून ते गार होतात. पाणकावळा, रातवा, घुबड हे पक्षी घशाची पातळ त्वचा भराभर थरथरवून कमी कष्टांत हेच साधतात. नुसत्या धापांना किंमत पडते, कारण जलद श्वासांबरोबर कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर निघून जातो, रक्ताची अल्कता वाढते आणि कवचासाठी लागणाऱ्या कार्बोनेटची चणचण भासते. उन्हाच्या लाटेत कोंबड्या पातळ कवचाची अंडी देतात त्यामागे हे एक कारण असते, आणि कुक्कुटपालन करणाऱ्यांना हा तोटा चांगलाच परिचयाचा आहे. अंड्यांवर बसलेली टिटवी धापाही टाकते आणि पोटही भिजवते. दुसऱ्या उपायाने पहिल्यावरचा भार हलका होतो.

आता मघाच्या नऊ मिनिटांकडे परत जातो. घरट्याचे छायाचित्र भर दुपारी काढले असेल, तर ती चार अंडी उघडी दिसतात याचाच अर्थ टिटवी उठून गेलेली आहे आणि आपल्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडते आहे. तिचे ओरडणे अशुभ मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की त्या क्षणी अशुभ घडत असते ते तिच्या अंड्यांचे. आमच्या ओळखीतल्या पक्षीनिरीक्षकांनी म्हणून दोन गोष्टी ठरवून घेतल्या आहेत. घरट्याची नेमकी जागा कोणालाही कळवायची नाही आणि सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळेत टिटवी उठेल इतके जवळ जायचे नाही. दूरवर झाडाच्या सावलीत दुर्बीण घेऊन बसले की तासाभरात ती आपल्याला विसरते आणि मग तिची ये-जा पाहायला मिळते.

‘टिटवी देखील समुद्र आटविते’ ही म्हण ज्या पंचतंत्रातल्या गोष्टीशी जोडलेली आहे, तिच्यात समुद्र टिटवीची अंडी पळवतो आणि नरमादी चोचीने तो आटवायला निघतात. अंड्यांसाठी पाणी आटवणे, एवढा भाग त्या गोष्टीत अक्षरशः खरा आहे. फक्त चोचीऐवजी पोट आणि समुद्राऐवजी विहिरीचा दांड. यंदा मृग लागेपर्यंतच्या नोंदी लिहिताना आम्ही अंड्यांची संख्या आणि जागेची उंची यांच्यापुढे आणखी तीन रकाने आखले आहेत: वेळ, सावलीतले तापमान आणि परतलेल्या पक्ष्याचे पोट ओले होते की कोरडे. अशाच नोंदी एखाद्या कोकणातल्या मित्राने दापोली-गुहागरकडून पाठवल्या, तर त्या नागपूरच्या नोंदींशेजारी मांडून पाहता येतील.