टेक्निकल अँड सायंटिफिक कम्युनिकेशन (पदवी अभ्यासक्रम)

यंत्रं, सॉफ्टवेअर, औषधं, संशोधन असल्या किचकट गोष्टी ज्याला वापरायच्या आहेत किंवा ज्याला त्यावरून निर्णय घ्यायचाय त्याच्यापर्यंत नीट पोचवणं म्हणजे टेक्निकल अँड सायंटिफिक कम्युनिकेशन. बारावीनंतर चार वर्षांची रीतसर डिग्री म्हणून हे शिकायची सोय मुख्यतः अमेरिकेत आहे, युरोपात थोडीफार आहे. मॅन्युअल, अ‍ॅपमधलं हेल्प पेज, मशीनवरचं सेफ्टी लेबल, लॅब रिपोर्ट, रिसर्च पेपर, ग्रांटचं प्रपोजल, औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला कागद, सगळं यात येतं.

बऱ्याच जणांना वाटतं हा इंग्रजी सुधारायचा कोर्स आहे. तसं अजिबात नाही, व्याकरण हा यातला सगळ्यात छोटा भाग आहे. खरा अभ्यास असतो वाचणाऱ्याचा: तो कोण आहे, कुठे उभा राहून वाचतोय, त्याच्या हातात त्या वेळी काय आहे, किती घाईत आहे आणि वाचून झाल्यावर त्याने नक्की काय करायचंय.

सुरुवात कशी झाली

1862 च्या मॉरिल कायद्यानंतर (कॉलेजांसाठी सरकारी जमीन देणारा कायदा) अमेरिकेत शेती आणि इंजिनिअरिंगची कॉलेजं भराभर निघाली, मुलं गणितात तयार व्हायची पण साधा रिपोर्ट लिहिता येत नाही अशी ओरड सुरू झाली (ही ओरड आपल्याकडे अजूनही ऐकू येते). टफ्ट्स कॉलेजात सॅम्युएल चँडलर अर्ल यांनी इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी वेगळं लेखन शिकवायला घेतलं आणि 1911 मध्ये त्यावर पाठ्यपुस्तक काढलं. पण तोपर्यंत हा इंजिनिअरिंगला जोडलेला एक पेपर होता, स्वतंत्र विषय नव्हता.

दुसऱ्या महायुद्धाने चित्र बदललं. रडार, विमानं, तोफा एवढ्या झपाट्याने बनत होत्या आणि त्या चालवणार होती गावाकडून आलेली साधी पोरं, त्यामुळे मॅन्युअल लिहिणं हे पोटापाण्याचं काम झालं. 1949 मध्ये बायनॅक या कॉम्प्युटरचं मॅन्युअल जोसेफ चॅपलाइन यांनी लिहिलं, कॉम्प्युटर वापरणाऱ्यासाठी लिहिलेलं पहिलं मॅन्युअल म्हणून त्याचंच नाव घेतात. 1953 मध्ये रेन्सेलर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटने टेक्निकल रायटिंगची मास्टर्स सुरू केली आणि 1958 मध्ये कार्नेगी टेकने, म्हणजे आजच्या कार्नेगी मेलनने, पदवीच्या पातळीवर कोर्स काढला. पदवीच्या कोर्सांत हा सगळ्यात जुन्यांपैकी. पुढे मिनेसोटा, मिशिगन टेक, युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन अशा ठिकाणी विभाग उभे राहिले, आणि घरोघरी पीसी आल्यावर तर मागणी फारच वाढली.

हा विभाग कुठे बसवायचा यावर मात्र कायम ओढाताण. काही ठिकाणी तो इंग्रजी विभागात असतो तर काही ठिकाणी इंजिनिअरिंग कॉलेजात. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये तो इंजिनिअरिंगमध्ये होता आणि 2009 मध्ये त्याचं नावच बदलून ह्युमन सेंटर्ड डिझाइन अँड इंजिनिअरिंग झालं. विषय कुठे सरकतोय ते त्यावरून कळतं.

वर्गात काय शिकवतात

साधारण 120 क्रेडिटची डिग्री. टेक्निकल रायटिंग, एडिटिंग, डॉक्युमेंट डिझाइन, आकडेवारीचे आलेख, युजेबिलिटी टेस्टिंग, एथिक्स, दुसऱ्या देशांतल्या वाचकांसाठी लेखन, आणि जोडीला बहुतेक ठिकाणी एखादा विज्ञानाचा किंवा कॉम्प्युटरचा विषय घ्यावा लागतो कारण ज्याबद्दल लिहायचं ते स्वतःला कळायला हवं. शेवटच्या वर्षी एखाद्या खऱ्या कंपनीसाठी किंवा संस्थेसाठी प्रोजेक्ट आणि इंटर्नशिप.

पहिल्याच सेमिस्टरला बहुतेक सगळीकडे मुलांना कसल्या तरी कामाच्या सूचना लिहायला देतात. वाटतं सोप्पं आहे. समजा एखाद्याने लिहिलं, "फिल्टरची टोपी उलट्या दिशेने फिरवून काढा व नवा फिल्टर बसवा, मात्र त्यापूर्वी पाण्याचा नळ बंद केलेला असावा." वाक्य शुद्ध आहे, माहितीही बरोबर आहे, पण वाचणारा एकेक तुकडा वाचत हाताने काम करत असतो, "मात्र त्यापूर्वी" पर्यंत पोचेस्तोवर टोपी निघालेली असते आणि ओट्यावर पाणीच पाणी. म्हणून नियम असा की इशारा कृतीच्या आधी यायला हवा आणि एका पायरीत एकच काम सांगायचं. आधी "नळ बंद करा", मग "टोपी डावीकडे फिरवा". "उलट्या दिशेने" पण नको, कारण कशाच्या उलट?

विमान देखभालीच्या मॅन्युअलसाठी तर असले नियम लिखित स्वरूपात आहेत. सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश नावाचं एक स्टँडर्ड 1986 पासून वापरात आहे, त्यात कृती सांगणारं वाक्य जास्तीत जास्त 20 शब्दांचं, माहिती देणारं 25 शब्दांचं, आणि मंजूर शब्दाला शक्यतो एकच अर्थ. जगभरचे मेकॅनिक, ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही, त्यांनी रात्रपाळीत ते वाचून विमान दुरुस्त करायचं असतं. हे स्टँडर्ड मुलांना शिकवतात तेव्हा पहिल्यांदा त्यांना भाषेचा जीव गेल्यासारखं वाटतं, पण मला वाटतं की अख्ख्या डिग्रीत यापेक्षा जास्त माणुसकीचा धडा नसेल.

यानंतर येते युजेबिलिटी टेस्ट. लिहिलेलं मॅन्युअल एका अनोळखी माणसाच्या हातात द्यायचं, त्याला काम करायला सांगायचं, मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायला सांगायचं आणि आपण गप्प बसायचं. मदत करायची नाही. तो अडला, चुकला, वैतागला की तिथे खूण करायची, कारण ती चूक त्याची नाही, कागदाची आहे. हे मनापासून मान्य व्हायला वेळ लागतो आणि डिग्रीचा मोठा भाग त्यातच जातो.

सायंटिफिक बाजूला अभ्यास जरा वेगळा. रिसर्च पेपरची प्रस्तावना-पद्धत-निष्कर्ष-चर्चा ही बांधणी का आली, तोच निष्कर्ष पेपरात, प्रेस नोटमध्ये आणि वर्तमानपत्रात येताना कसा बदलतो, खात्री नसलेली गोष्ट कशी सांगायची. इथे आयपीसीसीचे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीचे अहवाल उपयोगी पडतात, कारण त्यात "शक्यता आहे" म्हणजे किमान 66 टक्के आणि "दाट शक्यता आहे" म्हणजे किमान 90 टक्के असं ठरवून दिलंय. वाचणारे सामान्य लोक मात्र ते शब्द आपापल्या अंदाजाने घेतात, मग आकडा शब्दाशेजारीच छापावा की तळटीपेत, यावर वर्गात चर्चा रंगते.

अपघातांच्या केस स्टडी

या विषयाच्या पुस्तकांत दोन अपघात हमखास येतात. पहिला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुभट्टीचा, 28 मार्च 1979. एक व्हॉल्व्ह उघडा अडकला आणि ऑपरेटरांनी भट्टीला थंड ठेवणारं आपत्कालीन पाणी कमी केलं. पण अगदी असाच प्रकार सप्टेंबर 1977 मध्ये ओहायोतल्या डेव्हिस-बेसी प्लांटला होऊन गेला होता! भट्टी बनवणाऱ्या बॅबकॉक अँड विलकॉक्स कंपनीतल्या इंजिनिअरांनी तो ओळखला होता, ऑपरेटरांना पाणी बंद न करण्याची स्पष्ट सूचना द्या असा मेमो बर्ट डन यांनी फेब्रुवारी 1978 मध्ये पाठवलाही होता. तो मेमो कंपनीतल्या कंपनीत एका विभागाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला, शंका निघाल्या, उत्तरं राहिली, आणि सूचना प्लांटपर्यंत गेलीच नाही. मुलांना ते मेमो ओळीओळीने वाचायला लावतात: विषयाच्या ओळीत धोका दिसतो का, मागणी कोणाकडे आहे, तारीख दिलीये का, कोणाला प्रत गेली.

दुसरा नासाच्या चॅलेंजर अवकाशयानाचा, 28 जानेवारी 1986, सात जणांचा मृत्यू. आदल्या संध्याकाळी यानाचे रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे इंजिनिअर फोनवरच्या मीटिंगमध्ये नासाला सांगत होते की एवढ्या थंडीत रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबराच्या ओ-रिंग नीट बसणार नाहीत, उड्डाण नको. त्यांनी 13 चार्ट फॅक्स केले होते. नंतर आलेखांचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी टीका केली की सगळ्या उड्डाणांचं तापमान आणि रिंगांचं नुकसान एकाच आलेखात दाखवलं असतं तर उड्डाण थांबलं असतं, आणि बरीच वर्षं हे असंच शिकवलं गेलं. पण त्या मीटिंगमधले रॉजर बॉइस्जोली आणि काही अभ्यासकांनी 2002 मध्ये याला उत्तर दिलं की टफ्टींचा आलेख चुकीच्या तापमानांवर बेतलाय, आणि इंजिनिअरांनी विरोध केला होता, तो व्यवस्थापनाने बाजूला सारला. बॉइस्जोलींनी तर 31 जुलै 1985 लाच मेमो लिहून माणसं मरतील असा इशारा दिला होता. माझं मत बॉइस्जोलींच्या बाजूचं आहे. चांगला चार्ट काढला की ऐकणारा ऐकेलच हे या विषयाने मुलांना शिकवू नये, सत्ता कोणाच्या हातात आहे तेही शिकवावं.

एथिक्सच्या तासाला तर याहून जड गोष्ट येते. या विषयाचे अभ्यासक स्टीव्हन कॅट्झ यांनी 1992 मध्ये जून 1942 चा एक नाझी मेमो तपासला. माणसं मारायच्या गॅसच्या गाड्यांमध्ये तांत्रिक सुधारणा सुचवणारा तो मेमो, मुद्दे क्रमवार, भाषा स्वच्छ, कारणं पटण्यासारखी, आणि आत कोंडलेल्या माणसांचा उल्लेख मालासारखा. टेक्निकल रायटिंगच्या प्रत्येक निकषावर उत्तम मार्क पडतील असा कागद. नुसती स्पष्टता आणि कार्यक्षमता शिकवून भागत नाही हे त्यानंतर कोणाला वेगळं पटवावं लागत नाही.

युरोप आणि भारत

जर्मनीत हा पेशा कायद्याच्या आधाराने उभा आहे. युरोपात मशीन विकायचं तर वापराच्या सूचना त्या त्या देशाच्या भाषेत द्याव्याच लागतात, त्यामुळे कार्ल्सरूह, हॅनोव्हर अशा ठिकाणी टेक्निशे रेडाक्त्सिओनचे (याच विषयाचं जर्मन नाव) पदवी कोर्स निघाले आणि टेकोम ही संघटना 1978 पासून काम करतेय. अमेरिकेतली सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन, जिची मुळं 1953 पर्यंत जातात, ती मात्र पैशांअभावी जानेवारी 2025 मध्ये बंद पडली. भारतातही तिचा चॅप्टर होता.

आपल्याकडे या विषयाची पूर्ण डिग्री हा प्रकार रुळलेला नाही. इंजिनिअरिंगच्या मुलांना एखाद-दुसरा पेपर असतो, मुंबई युनिव्हर्सिटीत प्रोफेशनल कम्युनिकेशन अँड एथिक्स, बिट्स पिलानीत टेक्निकल रिपोर्ट रायटिंग. इंजिनिअरिंग कोर्सना मान्यता देणाऱ्या एनबीएच्या निकषांतही कम्युनिकेशन आहे. पुणे, बंगळुरू, हैदराबादच्या आयटी कंपन्यांत टेक्निकल रायटर मात्र भरपूर, कोणी बीई करून आलेला, कोणी इंग्रजीत बीए, कोणी शिक्षिका होती ती, आणि बहुतेकांनी काम करता करता किंवा छोटे सर्टिफिकेट कोर्स करून शिकलेलं. काम जवळपास सगळं इंग्रजीत.

मराठीत या ज्ञानाची गरज किती आहे ते शेतात दिसतं. 1971 च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे डब्यावर रंगीत त्रिकोण असतो, लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात कमी विषारी. आता ज्याला हे कोणी सांगितलेलं नाही त्याला निळा रंग बघून धोका कसा कळणार, आणि हिरवा तर सरळ "चालतंय" असाच वाटतो, जरी तेही विषच आहे. आतली पत्रिका हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषेत द्यावी लागते, म्हणजे अक्षर बारीक होत जातं, आणि वाचायचं कुठे तर बांधावर, पाठीवर पंप, हात ओले. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. त्यामागे औषधांची मिश्रणं, संरक्षक साधनं नसणं, उंच वाढलेली कपाशी अशी बरीच कारणं सांगितली गेली, एकट्या लेबलवर खापर फोडता येणार नाही. पण प्रमाण किती, दोन औषधं एकत्र करायची का, तोंडावर काय बांधायचं, विषबाधा झाली तर पहिलं काय करायचं, हे फवारणाऱ्याच्या हातात कळेल अशा रूपात होतं का हा प्रश्न या विषयाचाच आहे, आणि अशी पत्रिका मराठीत तयार करून प्रत्यक्ष शेतमजुरांकडून तपासून घेणं हा कुठल्याही कृषी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाचा उत्तम प्रोजेक्ट होईल. मराठी विज्ञान परिषद 1966 पासून लोकांपर्यंत विज्ञान नेतेय, भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, 2021 पासून एआयसीटीईने (देशातली तंत्रशिक्षण परिषद) इंजिनिअरिंग मराठीतून शिकवायला परवानगी दिली आहे, म्हणजे पाया आहे.

नोकरी

डिग्रीनंतर टेक्निकल रायटर, यूएक्स रायटर (अ‍ॅपच्या स्क्रीनवरचा मजकूर लिहिणारा), मेडिकल रायटर, सायन्स एडिटर, डॉक्युमेंटेशन मॅनेजर अशी कामं मिळतात. टूल्स बदलत राहतात, सध्या डिटा आणि मार्कडाउन (मजकुराची रचना ठरवायच्या पद्धती) आणि गिट (फाइलच्या आवृत्त्या सांभाळायचं टूल) येणं गरजेचं. एआय आल्यापासून पहिला ड्राफ्ट मिनिटात मिळतो, त्यामुळे नुसतं लिहून देणाऱ्याचं काम कमी होतंय आणि इंजिनिअरला योग्य प्रश्न विचारणं, माहिती खरी आहे का ते स्वतः मशीन चालवून बघणं, वापरणाऱ्याबरोबर बसून टेस्ट घेणं याला जास्त किंमत येतेय. इंटरव्ह्यूत मार्कांपेक्षा पोर्टफोलिओ बघतात, आणि त्यात नुसतं देखणं मॅन्युअल ठेवण्यापेक्षा आधीची आवृत्ती, टेस्टमध्ये लोक कुठे अडकले ते, आणि त्यानंतर काय बदललं, हे तिन्ही ठेवलेलं चांगलं.